उजवा आठ, डावा सात

दुकानदाराला वाटलं, माझी बोलण्यात चूक होतेय.
उजवा आठ नंबर, डावा सात.
अशी जोडी येत नाही बाई, म्हणाला,
पणजीत काय नि मडगावात काय,
दोन्ही जोड्या घ्या, दोन्हींचे पैसे द्या.
दिले.

तेव्हापासून आमच्या खाटेखाली एक खोका आहे.
त्यात एक उजवा सात, एक डावा आठ,
कोरे करकरीत, नाड्यांसकट,
एकमेकांचे कोणीही नसलेले.

आठ नंबरात पायाबरोबर पांढरं प्लास्टिक मावायला लागतं,
पोटरीपासून बोटांपर्यंत, दोन पट्ट्यांचं.
सकाळी मी ते चढवते. आधी मोजा,
मोज्याला सुरकुती राहू द्यायची नाही.
संध्याकाळी काढलं की टाच, घोटा, करंगळीची कड
दाबून बघायची, लाल वण राहतो का.
त्याला कळत नाही,
म्हणून मला कळायला हवं.

पाय शाबूत आहे, डॉक्टरीण म्हणाली होती,
फक्त चवडा वर उचलायचा निरोप
डोक्यातून खाली पोचत नाही.
अठ्ठावीस वर्षं हा माणूस
दिवाडीच्या फेरीबोटीवर साखळी ओढत होता.
धक्का आला की फळी खाली,
स्कूटरी, शाळेची पोरं, पाववाल्याची सायकल,
मग फळी वर.
कुणी निरोप द्यावा लागला नाही कधी.

पायपुसणी मी पहिल्याच आठवड्यात गुंडाळून ठेवली.
उंबऱ्याला पिवळा रंग दिला.
तरी तुळशीपाशी पडलाच एकदा,
सपाट अंगणात, वाटेत काही नसताना.
मी धावले, तर खालूनच म्हणाला,
सारवण बरं झालंय.

आणि ती चाल.
टप्, मग घस्स.
टप्, घस्स.
तो झोपलेला असतो तेव्हाही मला ऐकू येते.

दर मंगळवारी बांबोळी.
फळीवर चढताना मी मागून म्हणते, गुडघा, गुडघा,
आणि त्याच्या जागी लागलेला नवा पोरगा
साखळी हातात धरून थांबतो.
बोट दोन मिनिटं उशिरा सुटते.
कुणी हॉर्न वाजवत नाही.
तेच त्याला सोसत नाही.

चोडणचा बोस्त्यांव तिथेच भेटला.
बँडात ट्रम्पेट वाजवायचा, आता डावं अंग लुळं.
दोघं एका बाकावर, तळव्याला टॉवेल अडकवून
आपल्याकडे ओढत राहायचे तीस मोजेपर्यंत.
आमचे हे मराठीत मोजायचे, तो पोर्तुगीजमध्ये,
आणि वीसच्या पुढे दोघेही चुकायचे.

एकदा फिजिओच्या पोरीने सगळ्यांचे बूट
बाकाखाली सरकवले.
निघताना गोंधळ. चारही काळे, एकाच दुकानाचे.
मी वाकून तळ वाचू लागले:
उजवा आठ, डावा सात, हे आमचे.
डावा आठ.
उजवा सात.
चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

तुमच्या घरी, मी बोस्त्यांवच्या बहिणीला विचारलं,
खाटेखाली एक खोका आहे का हो?
एर्मेलिंदाने आधी बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि तोंडाला रुमाल लावून
खांदे हलेपर्यंत हसली.
वयर कपाटार आसा, म्हणाली.

पुढच्या मंगळवारी खोके बदलले.
आता शिगम्याला आम्ही घेतो, नाताळात ते,
आणि प्रत्येक वेळी चार पाय निघतात.
दुकानदाराचं मात्र
वर्षाला दोन जोड्यांचं नुकसान.

बुटांची टोकं अजून झिजतात. उजवं आमचं, डावं त्यांचं.
त्या दिवशीही परतताना
नव्या बुटाचं टोक फळीच्या कडेला अडकलंच.
गुडघा, मी म्हणाले.
त्याचं लक्ष नव्हतं.
कठडा धरून, एक पाय अजून धक्क्यावर,
तो त्या पोराला सांगत होता,
साखळी अशी नाही रे धरत,
बोटं जातील.